लॅपटॉपवर परत परत चरे पडतायत? आधी चरा कुठे पडलाय ते बघा

नवा लॅपटॉप. जपून वापरलेला, कुठे पडला नाही, आपटला नाही, तरी झाकणावर चरा. मग चांगली बॅग घेतली, घरातल्या पोरांना हात लावू दिला नाही, आणि महिना उलटायच्या आत त्याच्या शेजारी दुसरा चरा. बेळगावात दुरुस्तीच्या टेबलावर बसून ही तक्रार मी सतत ऐकतो. "मशीन चालू आहे ना, मग कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?" असं बरेच जण समजावतात. मला ते पटत नाही. आपल्या भागात लॅपटॉप घरात येतो तो ऊसबिल जमा झाल्यावर, भिशी लागल्यावर, नाहीतर हप्त्यावर. आईने हातातल्या पाटल्या मोडून पोरीला इंजिनिअरिंगसाठी घेऊन दिलेला लॅपटॉपही माझ्या टेबलावर आलाय. अशा वस्तूवर पहिली रेघ उमटली की वाईट वाटणारच.

त्या वाईट वाटण्याच्या भरात मात्र माणसं भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात. चरा घालवायचा कसा, हे सगळे विचारतात. तो आला कुठून, हे क्वचितच कुणी विचारतं. एखादा चरा चुकून पडतो. पण त्याच भागात दुसरा, तिसरा पडायला लागला की त्यामागे रोजचं काहीतरी असतं, आणि ते सापडतं. चऱ्याची जागा, दिशा आणि खोली एवढं नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कारण घरच्या घरी कळतं.

तो खरंच चरा आहे का?

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मऊ सुती कापड किंवा चष्मा पुसायचं मायक्रोफायबर साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि ती जागा न दाबता पुसा. मग खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा. वरून पाडलेल्या उजेडात न दिसणारी रेघ आडव्या उजेडात लगेच उठून दिसते. आता नखाची कड रेघेवरून आडवी फिरवा. नख अडलं तर चरा खोल आहे. अडलं नाही तर तो वरवरचा आहे, किंवा तो चराच नाही.

हे शेवटचं फार वेळा निघतं. ॲल्युमिनियमच्या लॅपटॉपवर ॲनोडायझिंगचा थर असतो, म्हणजे कारखान्यात विजेच्या प्रक्रियेने धातूवरच तयार केलेला कठीण थर. हा थर किल्लीच्या पितळेपेक्षा आणि बॅगेच्या चेनपेक्षा कठीण असतो, त्यामुळे किल्ली त्यावर घासली की पुष्कळदा किल्लीचाच धातू झिजून थराला लागतो आणि करडी रेघ दिसते. पोरांच्या कंपासपेटीतला पांढरा मऊ खोडरबर घ्या, झाकण मिटलेलं ठेवून हलक्या हाताने रेघेच्या दिशेने फिरवा आणि भुगा लगेच झटकून टाका. करडी रेघ निघून गेली तर खाली काही झालेलं नाही. भिंतीचा रंग किंवा बॅगेच्या अस्तराचा रंग लागला असेल तर तोही बऱ्याचदा असाच जातो. दुकान गाठायच्या आधी एवढं प्रत्येकाने करून बघावं. रडवेल्या चेहऱ्याने आलेली कितीतरी माणसं एवढ्यावरच हसत परत जातात.

झाकणावरचे बारीक केसासारखे चरे

आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार हाच. एक मोठी रेघ नसते. झाकणाच्या मधोमध असंख्य बारीक रेघा असतात, काही गोल गोल, काही एकाच दिशेच्या. गोल असतील तर त्या पुसण्याने पडल्यात. एकाच दिशेच्या असतील तर बॅगेत आत-बाहेर करताना पडल्यात. दोन्हीत खरी गुन्हेगार धूळ.

वस्तूंचा कठीणपणा मोजायचं मोह्सचं एक माप आहे, १ ते १०. आपलं नख त्यावर साधारण २.५, साधी काच ५.५ च्या आसपास, आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. लॅपटॉपचं प्लास्टिक काचेपेक्षा कितीतरी मऊ. म्हणजे वाळूचा डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा प्लास्टिकवर तर सोडाच, काचेवरही ओरखडा काढू शकतो. आता आपला भाग बघा. खानापूरच्या बाजूला तांबडी माती, जांभ्याचा भुसभुशीत चुरा. गावोगावी घरांची बांधकामं आणि त्यांच्या दारात पडलेले वाळूचे ढीग. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत तर साचेच वाळूचे. तिथून घरी येणाऱ्या माणसाच्या कपड्यांतून, डब्याच्या पिशवीतून ती वाळू घरात येते आणि टेबलावर बसते. ज्या घरात फाउंड्रीत जाणारं कुणी आहे, तिथे लॅपटॉपची बॅग आणि कामावरची पिशवी एका खुंटीला टांगू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

कुणीही विचारेल, की ॲनोडायझिंगचा थर इतका कठीण आहे म्हणता, मग तो का फाटतो? हा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, माणिक ज्या द्रव्याचं बनतं त्याच द्रव्याचा. पण तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका पातळ असतो आणि त्याच्याखालचं ॲल्युमिनियम मऊ. गादीवर पातळ काच ठेवून बोटाने दाबली तर जे होईल तेच इथे होतं: टोकदार कण दाबला गेला की खालचा धातू दबतो आणि वरचा थर तडकतो. म्हणून नुसती धूळ बसल्याने काही होत नाही. धूळ, दाब आणि हालचाल ही तीन एकत्र आली की चरा पडतो, आणि रोजचा बसचा प्रवास ही तिन्ही एकत्र आणतो. बॅग पुस्तकांनी गच्च भरलेली, गर्दीत पाठीमागून रेटा, वर खड्ड्यातल्या रस्त्याचे हादरे. जांबोटी, नंदगड, बिडीकडून रोज बसने येणाऱ्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर हे चरे लवकर का दिसतात, याचं उत्तर एवढंच आहे. त्यात त्यांचा हलगर्जीपणा नसतो.

त्यामुळे पहिला उपाय बॅगेचा. बॅग पूर्ण रिकामी करा, उलटी करून झटका, आणि ज्या कप्प्यात लॅपटॉप राहतो त्याच्या तळाच्या शिवणीत ओलं पांढरं कापड फिरवा. कापडावर तांबडे किंवा काळसर कण दिसले तर वेगळा पुरावा नको. कप्पा ओल्या कापडाने साफ करून उन्हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे जास्त वेळा करावं लागतं, कारण आपल्याकडच्या पावसात ओली बॅग जमिनीवर टेकते, चिखल शिवणीतून आत शिरतो आणि वाळला की त्याची कणी होते.

दुसरा उपाय पुसण्याचा. कोरडी धूळ कधीही घासून पुसू नका. बाही, ओढणीचं टोक, टॉवेल, गाडी पुसायचं फडकं, यांतलं काहीही नको. आधी मऊ ब्रशने किंवा फुंकर मारून धूळ उडवा, मगच ओलसर कापड लावा. ते कापड वेगळ्या डब्यात ठेवा आणि अधूनमधून धुवा. टेबलावर उघडं पडलेलं मायक्रोफायबर धूळ धरून ठेवतं, आणि मग तेच चरे काढतं.

तिसरी गोष्ट ऐकून अनेकांना धक्का बसतो: चापून बसणारं पारदर्शक कडक कव्हर. चरे पडू नयेत म्हणून ते घेतात आणि त्याच्याच आत चरे पडतात. कव्हर आणि झाकण यांच्यात धूळ शिरते, बाहेर पडत नाही, आणि प्रत्येक हादऱ्याला कव्हर जागच्या जागी घासत राहतं. असं कव्हर काढल्यावर चारही कडांना खरवडल्यासारखा पट्टा दिसतो. शिवाय त्याचं वजन बिजागरीवर येतं. वापरायचंच असेल तर दर आठवड्याला काढून आतून पुसा. नाहीतर न वापरलेलं बरं.

त्यापेक्षा मऊ पिशवी शिवून घ्या. गल्लीतल्या शिंप्याकडे जुन्या धुतलेल्या सुती साडीचे दोन पदर, मध्ये पातळ कापूस किंवा फोम, वाकळीसारखे टाके, आणि तोंडाला चेनऐवजी नुसती घडी. काठापदराचा भाग मात्र आत येऊ देऊ नका. शहापूर-वडगावकडच्या साड्या मऊ सुंदर असतात, पण जरीत धातूची तार असू शकते. बटण, हूक, चिकटपट्टीचा खरखरीत भाग, काहीच आतल्या बाजूला नको. अशी पिशवी धुता येते, आणि हा तिचा सगळ्यांत मोठा गुण.

एकटी, खोल, सरळ रेघ

खोल रेघ कण काढत नाही, वस्तू काढते. खानापूरकडून येणाऱ्या एका मुलीच्या झाकणावर दोन समांतर चरे होते, आणि काही दिवसांनी तिरप्या दिशेने पुन्हा तसेच दोन. "ओ दादा, घरात कुणी हात पण लावत नाही बघा," ती म्हणत होती. आम्ही पट्टीने दोन रेघांमधलं अंतर मोजलं आणि तिच्या चार्जरचा प्लग त्यावर धरला. दोन्ही पिना रेघांवर बरोब्बर बसल्या. चार्जर त्याच कप्प्यात, पिना झाकणाकडे करून ठेवलेला असायचा. चार्जरला जुन्या सुती मोज्यात घालून पुढच्या कप्प्यात ठेवायला लागल्यापासून तिचं ते दुखणं थांबलं.

तुमच्या चऱ्याचंही असंच माप घ्या. चेनचा दांडा, कंपासपेटीचा कोपरा, जेवणाच्या डब्याची कडी, दुचाकीची किल्ली, यांतलं काहीतरी जुळतं. चरे झाकणाच्या कडेलाच असतील आणि कडेकडून आत जात असतील, तर ती बॅगेची चेन. लॅपटॉप काढता-घालताना चेन पूर्ण उघडा आणि एका हाताने तिची कड बाजूला धरा.

मनगट टेकतं तिथले चरे

कीबोर्डखालच्या पट्ट्यावर, टचपॅडच्या दोन बाजूंना पडणारे चरे हातातल्या वस्तूंचे असतात. मुलांच्या बाबतीत कडं किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा. बायकांच्या बाबतीत बांगड्या. काचेची बांगडी प्लास्टिकपेक्षा पुष्कळ कठीण, आणि टाइप करताना ती दिवसभर त्याच चार बोटं जागेवर पुढे-मागे होते. तिथे आधी चमक येते, मग बारीक चंद्रकोरीसारख्या रेघा. लग्न झालेल्या, नोकरीवर किंवा घरून काम करणाऱ्या मुलींच्या लॅपटॉपवर हे मी नेहमी बघतो, आणि "कामापुरत्या बांगड्या काढून ठेव" असं सांगणं मला बरोबर वाटत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरातला विषय. लॅपटॉपला झेपेल असा उपाय आहे: मनगटाच्या पट्ट्यावर मोजून कापलेली पातळ पारदर्शक फिल्म लावायची. ती झिजली की बदलायची, खालचा भाग जसाच्या तसा राहतो.

फिल्म पातळच हवी. आजच्या लॅपटॉपमध्ये मिटल्यावर पडदा आणि कीबोर्ड यांत फार थोडी जागा उरते. ॲपलने २०२० साली मॅकबुकच्या कॅमेऱ्यावर कव्हर लावून झाकण मिटू नका, पडद्याला इजा होईल, असा इशारा दिला होता. काही लावायचंच झालं तर साध्या छपाईच्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको, असंही सांगितलं होतं. हा नियम मी कुठल्याही पातळ लॅपटॉपला लावतो. सरकतं कॅमेरा कव्हर आणि जाड सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर, दोन्ही त्यात बसत नाहीत.

पडद्यावर दिसणाऱ्या रेघा

पडद्यावर बटणांच्या आकाराचे चौकोनी ठसे दिसले तर आधी घाबरू नका. बोटांचा तेलकटपणा बटणांना लागतो आणि बॅगेत दाबलं गेल्यावर तो पडद्याला चिकटतो. किंचित ओलसर मायक्रोफायबरने निघाला तर तो ठसाच. निघाला नाही तर बटणांच्या कडांनी थर घासला गेलाय, आणि तो भरून येत नाही. बॅगेत लॅपटॉपवर दाब येतोय हे त्याचं कारण. जाड पुस्तकं पाठीच्या बाजूला आणि लॅपटॉप त्यांच्या मागे चेपलेला, अशी मांडणी असेल तर बदला. मिटण्याआधी कीबोर्डवर पडलेला चिवड्याचा, शेवेचा कण झटकायची सवय सगळ्या घराला लावा.

पडद्याला काच पुसायचा निळा द्राव लावू नका. त्यातल्या काहींत अमोनिया असतो, आणि चकाकी कमी करण्यासाठी दिलेला लेप त्याने खराब होतो.

बुडाचे चरे पटकन सांगतो: लॅपटॉप फरशीवर, कट्ट्यावर ओढू नका, उचला. खालचे रबरी पाय झिजलेत का ते बघा. नवे चिकटवून मिळतात.

कारण सापडत नसेल तर पट्टी लावून बघा

एवढं करूनही नवा चरा येत असेल, तर रंगाच्या दुकानात मिळणारी कागदी मास्किंग टेप आणा. तिच्या पट्ट्या झाकणावर, कोपऱ्यांवर आणि बुडावर लावा, हवा जायच्या जाळ्या सोडून. झाकणावर सैल रंग निघत असेल किंवा रबरासारखा मऊ लेप असेल, तर मात्र टेप लावू नका. आठवडाभर नेहमीसारखा वापर करा. मग टेप काढण्याआधी नीट बघा: कागद कुठे फाटलाय, कुठे मळलाय, कुठे गुळगुळीत झालाय. नुकसान कागदावर उमटतं आणि जागा कळते. आठवड्याच्या पुढे टेप ठेवू नका, उष्णतेने डिंक चिकटून बसतो.

पडलेल्या चऱ्याचं काय करायचं

इथे मला सगळ्यांत जास्त नुकसान दिसतं, कारण चऱ्यापेक्षा उपाय वाईट ठरतो. चांदीची भांडी दंतमंजनाने लख्ख होतात, म्हणून टूथपेस्ट लॅपटॉपवर घासतात. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. तिने चांदीवरही बारीक ओरखडे पडतात, पण चांदी आतबाहेर एकच असल्याने ते पटकन कळत नाही. ॲनोडाइज केलेल्या झाकणावर रंग फक्त वरच्या पातळ थरात असतो. तो घासून उडाला की खालचं पांढुरकं ॲल्युमिनियम उघडं पडतं, आणि एका रेघेच्या जागी रुपयाएवढा डाग होतो. खाण्याचा सोडा, राख, भांड्यांची घासणी, जादूचा म्हणून विकतात तो पांढरा स्पंज, हे सगळं त्याच जातीचं. नेलपॉलिश काढायचा द्राव तर हातातही घेऊ नका. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतं. खोबरेल तेलाने प्लास्टिकवरचा चरा लपल्यासारखा दिसतो, पण तेलावर धूळ बसते, आणि धुळीचं काय होतं ते वर सांगितलंय.

ॲल्युमिनियमवरचा खरा चरा पुसून जात नाही, हे मान्य करून पुढे जावं. तो झाकता येतो. चांगल्या व्हिनाइलची स्किन, म्हणजे झाकणावर चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण, लावली तर बारीक चरे पूर्ण दिसेनासे होतात, खोल चऱ्याचा उंचसखलपणा किंचित जाणवतो. लावण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर धूळ आत अडकते. काढताना हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश ओढा. रंग दिलेल्या प्लास्टिकवर आधीच पोपडे सुटत असतील तर स्किन लावू नका, काढताना रंगही सोबत येईल. रबरासारख्या मऊ लेपाच्या झाकणावरही नको. तो लेप दमट हवेत काही वर्षांनी आपोआप चिकचिकीत होतो.

चकचकीत काळ्या प्लास्टिकवरचा वरवरचा चरा प्लास्टिक पॉलिशने कमी होतो. मॅट प्लास्टिकवर तेच पॉलिश तुळतुळीत चट्टा पाडतं. फार खोल चरे असतील आणि मनातून जातच नसतील, तर झाकणाचा वरचा भाग, ज्याला दुरुस्तीवाले ए पॅनल म्हणतात, तो बदलून मिळतो. पण त्यासाठी पडदा आणि बिजागऱ्या सोडवाव्या लागतात. नव्या, वॉरंटीतल्या मशीनवर निव्वळ रेघेसाठी हे करू नये असं माझं मत आहे. वॉरंटी संपल्यावर, दुसऱ्या कामासाठी मशीन उघडलंच तर करून घ्यावं.

"आता हा गंजणार का?" हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. चरा पडलेल्या जागी हवेतल्या ऑक्सिजनने त्याच्यावर आपोआप पातळ थर धरतो. फक्त मनगटाच्या जागी घामाचे क्षार साचून बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून तेवढा भाग पुसत जा.

वॉरंटीत चरे बसत नाहीत. पैसे भरून घेतलेल्या अपघाती नुकसानीच्या योजनांतही बहुतेक वेळा निव्वळ दिसण्यातलं नुकसान वगळलेलं असतं. घेण्याआधी अटी वाचा. खोक्यातूनच चरा आला असेल तर गोष्ट वेगळी. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पावती जपा, त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि चरा बिजागरीजवळ असेल तर त्यावर बोट ठेवून झाकण हळूहळू उघडा. रेघ उघडते-मिटते असं वाटलं, करकर आवाज आला किंवा कोपऱ्यात फट दिसली, तर तो चरा नाही, तडा आहे. तिथे स्किन, फिल्म, टेप काहीही लावत बसू नका. झाकण उघडझाप करणं थांबवा आणि त्याच आठवड्यात दाखवून घ्या. वेळीच धरलं तर बिजागरीची बैठक पक्की करून भागतं. उशीर झाला तर पडद्याची वायरही ओढली जाते.